घोडपदेवहून परदेशी, परळमार्गे

प्रवासवर्णनाच्या सुरुवातीला विमानाची खिडकी असते आणि खिडकीबाहेर ढग असतात. माझ्या वर्णनात टॅक्सीची खिडकी आहे, ती खाली होत नव्हती, आणि बाहेर काळाचौकीचा सिग्नल होता. ज्यांना परदेशी जायला अजून जमलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही जमलेलं नाही, तेव्हा आपलं पटेल.

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे उन्हाळ्यात मी बेकार होते आणि पावसाळ्यात कॉलेजला पुन्हा माझी आठवण येते. अशा माणसाने फेलोशिपांचे अर्ज भरायचे असतात, तसे मी भरत होते. त्यातला एक लागला. उत्तर युरोपातल्या एका बंदराच्या शहरात एक संस्था आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण मी ते पाहिलेलं नाही. ही संस्था आशिया-आफ्रिकेतल्या आठ संशोधकांना मानव्यविद्यांमधल्या आंतरप्रादेशिक संवादासाठी फेलोशिप देते. म्हणजे आफ्रिकेतल्या माणसाने भारताबद्दल विचार करायचा, भारतातल्याने आफ्रिकेबद्दल, आणि दोघांनी तो युरोपात बसून करायचा. माझा विषय होता, बंदरावरच्या कामगारांची देवाशी बोलायची रीत. पहिला टप्पा पाच दिवसांचा, त्या शहरात. त्यानंतर आठांपैकी एकाला तिथेच पूर्ण वर्ष.

त्या वर्षावर माझा डोळा होता. परदेशातलं एक वर्ष नावापुढे लागलं की कॉलेजला मला दर उन्हाळ्यात विसरणं जड जाईल, हा एक हिशेब. आणि दुसरं असं की मला एकदा समुद्र ओलांडायचा होता. माझे आजोबा मालवणहून बोटीने मुंबईला आले, तेवढंच आमच्या घराण्याचं समुद्रपर्यटन.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत ही बातमी आईने सांगितली. पुढचं चाळीने हातात घेतलं. कोपऱ्यावरच्या प्रिंटिंगवाल्याकडून फलक आला. त्यावर माझा फोटो होता, पण मी चार छटांनी गोरी झाले होते आणि माझ्या उजव्या कानातून एक विमान बाहेर पडत होतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते, त्यातले दोघे तर चाळ सोडून कधीच डोंबिवलीला गेलेत. रविवारी संध्याकाळी पटांगणातल्या देवळापाशी सगळे जमले आणि तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

तात्या सावंत आमच्याच मजल्यावर राहतात. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झाले. चाळीतल्या कुणाचंही काही मोठं असलं, बारावीची परीक्षा, बाळंतपण, कोर्टाची तारीख, तर देवाला ते तात्याच सांगतात. गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थना नव्हे. देवाला समोर उभं करून, काय झालंय, काय हवंय आणि त्याने काय करायचंय हे त्याला स्पष्ट सांगायचं असतं. तात्या एक वाक्य म्हणतात, थांबतात, आणि जमलेले सगळे म्हणतात, "होय म्हाराजा." हे 'होय' उगीच म्हणायचं नसतं. म्हटलं की तुम्ही त्या मागण्यात सामील झालात, आणि ते पुरं करण्यातही.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुजा चेडू सात समुद्रापलीकडे चलला हा."

"होय म्हाराजा."

"तेच्या वाटेत काय आडा-तिडा इला तर ता बाजूक सार. जसा न्हेतंस तसा सुखरूप माघारी हाड. तुका कोंबडो देतलंव."

"होय म्हाराजा."

सोमवारी सकाळी संस्थेची मेल आली. पर्यावरणाचा आणि 'ज्ञानाच्या विकेंद्रीकरणाचा' विचार करून पहिला टप्पा युरोपाऐवजी जागतिक दक्षिणेतल्या एका शहरात घ्यायचं ठरलं होतं. ते शहर मुंबई. मुक्काम परळला.

आईला मी मेल वाचून दाखवली. ती कुळथाचं पीठ पिशवीत बांधत होती. पीठ बांधून झाल्यावर म्हणाली, "बॅग भरलीय ती आता सोडायची नाही. आणि लोकांनी हार घातलेत, ते काय परत करत फिरणारेस? परळ तर परळ. गुपचूप जा."

परळ

गुरुवारी मी चाळीसमोर टॅक्सीत बसले. गॅलरीत सगळे उभे होते. "एअरपोर्ट?" टॅक्सीवाल्याने विचारलं. मी मोठ्याने "हो" म्हटलं. कोपरा वळल्यावर म्हटलं, "भाऊ, परळ." त्याने गाडी थांबवली, मागे वळून मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, एवढी बॅग घेऊन परळ? भांडण झालं का घरी?" उरलेला रस्ता तो मला समजावत होता, की आईवडिलांचं मनाला लावून घ्यायचं नसतं.

हॉटेल एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभं राहिलेल्या टॉवरमध्ये होतं. तिथून माझी चाळ चालत वीस-पंचवीस मिनिटं, पण मी या इमारतीत आजवर पाऊल टाकलं नव्हतं, कारण काम काय? त्या अर्थाने हा परदेशच होता. दारात बॅग यंत्रातून गेली आणि कुळथाच्या पिठाची चौकशी झाली. सुरक्षारक्षकाने पिशवी उघडून वास घेतला आणि मान डोलावली. तो कणकवलीचा निघाला. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "हाउ वॉज युअर फ्लाइट, मॅम?" मी म्हटलं, "शॉर्ट."

गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं. वर माझं नाव, खाली 'प्रदेश : दक्षिण आशिया'. सोबत कापडी पिशवी, पाण्याची बाटली आणि एक वही, तिन्हींवर 'सीमांपलीकडे' असं छापलेलं. संध्याकाळी संस्थेच्या संचालकांनी स्वागत केलं. प्राध्यापक मार्टिन उंच, अतिशय गोड बोलणारे, आणि कुठल्याही वाक्यात 'एकत्र' हा शब्द आणल्याशिवाय त्यांना थांबता येत नसे. ते म्हणाले, की आपण इथे जमल्यामुळे कितीतरी विमानप्रवास वाचला. मी आजूबाजूला पाहिलं. सात फेलो आपापल्या देशांतून विमानाने आले होते आणि संस्थेची पाच माणसं युरोपातून. हवामान वाचलं असेल तर ते एकट्या माझ्यामुळे.

माझ्या खोलीची जोडीदार घानाच्या अक्राहून आली होती. तिचं नाव कोर्कोर. तिच्या 'गा' भाषेत हे नाव दुसऱ्या मुलीचं, म्हणाली, म्हणजे नाव ऐकलं की घरातला नंबर कळतो. ती बंदरावरच्या कोळ्यांवर काम करते. तिने पडदा सरकवला, खालच्या दाटीकडे बोट केलं आणि विचारलं, "तिकडे कोण राहतं?"

"मी," मी म्हटलं. मग तिला सगळं सांगावंच लागलं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की घरून जेवण येईल का.

आलंही असतं. तासाभराने आईचा फोन आला, की ती गच्चीवर उभी राहून हात करते आहे, दिसतेय का? आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं तर तिने सांगितलंय की तिकडे आत्ता दुपार असेल. तिला भरलेलं पापलेट कुणाबरोबर तरी पाठवायचं होतं. मी म्हटलं, इथे बाहेरचं आत येऊ देत नाहीत. "मग तू कशी गेलीस?" आईने विचारलं.

रात्रीच्या जेवणात सोलकढी होती. ती उंच काचेच्या पेल्यात, काठावर मीठ लावून आणि नळी घालून आली. शेफने येऊन समजावलं, की हे कोकण किनाऱ्यावरचं डायजेस्टिव्ह ड्रिंक आहे. मी म्हटलं, अच्छा. परदेशात गेल्यावर तिथल्या लोकांचं ऐकून घ्यावं.

गिरगाव, लालबाग

शुक्रवारी गिरगाव. आमची वाटाड्या रिया, वीसेक वर्षांची, हातात छोटा निळा झेंडा. तिने आम्हाला एका वाडीत नेलं आणि 'सामुदायिक अवकाश' या विषयावर बोलू लागली. तिथे एक काका बनियनवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्या घोळक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाकडे?"

चाळीत शिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो आणि त्याला एका आडनावाचं उत्तर लागतं. रियाने सांगितलं, की आम्ही एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातर्फे आलो आहोत. "ते असू दे," काका म्हणाले, "पण कोणाकडे?" तेरा-चौदा शिकलेली माणसं, अर्ध्या जगाचे पासपोर्ट, पण एकाकडेही आडनाव नव्हतं. काकांनी पेपर पुन्हा वर केला. मार्टिननी वहीत काहीतरी लिहिलं, आणि बसमध्ये आम्हाला सांगितलं, की स्थानिकांचं हे मौन फार बोलकं होतं.

कोर्कोर माझ्याजवळ बसली होती. ती म्हणाली, आमच्याकडे असं आत घुसता येत नाही. आधी बसवतात, पाणी देतात, तुम्ही प्यायलात की मग विचारतात, काय काम काढलंत? आणि काम नसलं तरी ते नीट सांगावं लागतं. मी म्हटलं, आमच्याकडे पाणी नंतर येतं. आधी आडनाव.

शनिवारी लालबाग. मिरचीच्या गल्लीत मसाले भाजून कुटायचं काम जोरात होतं. रिया सांगत होती, की या गल्लीचा एक 'गंधात्मक इतिहास' आहे. तेवढ्यात डंकातून मालवणी मसाल्याचा लोट आला आणि तो इतिहास सगळ्यांच्या नाकात गेला. संस्थेच्या पाचही जणांना एकदम शिंका सुरू झाल्या. मार्टिन एका पायरीवर बसून डोळे पुसत राहिले. दुकानदाराने न विचारता त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो चघळत त्यांनी मला सांगितलं, की शरीराने शिकलेलं ज्ञान किती निराळं असतं. नाक गळत असताना माणूस असं बोलू शकतो याचं मला मनापासून कौतुक वाटलं. चेष्टा करत नाही. मला ते कधीच जमलं नसतं, आणि वर्षभराची फेलोशिप कुणाला द्यायची हे अशीच माणसं ठरवतात.

त्याच संध्याकाळी त्यांनी तसं सांगितलंही. रविवारी 'जिवंत श्रमिक वस्ती'ला भेट होती. तिथे कोण कसं मिसळतं ते पाहून निर्णय होणार होता. सगळे फेलो लगेच एकमेकांशी जास्त प्रेमाने वागू लागले. मी पण.

घोडपदेव

बसमध्ये रिया म्हणाली, "आजची जागा मी स्वतः शोधली आहे. तिथे एक विलक्षण दृश्य आहे." बस काळाचौकीवरून वळली. मी खिडकीपासून आत सरकले. आणखी एकदा वळली. कोर्कोरने माझ्याकडे पाहिलं. बस थांबली ती आमच्या चाळीसमोर, बरोब्बर माझ्या फलकाखाली.

"चाळीतल्या आकांक्षांची दृश्यभाषा," रिया म्हणाली. सगळे खाली उतरले आणि फलकाचे फोटो काढू लागले. मार्टिन बराच वेळ माझ्या कानातल्या विमानाकडे पाहत उभे होते. मग ते वळून मला म्हणाले, "या बाईंचं पुढे काय झालं असेल, कोण जाणे." मी त्यांच्या शेजारीच उभी होते, गळ्यात नावाचा पट्टा घालून. प्रिंटिंगवाल्याने मला इतकं गोरं केलं होतं, की निदान त्याचा तरी उपयोग झाला.

तो उपयोग फार टिकला नाही. गॅलरीत एक डोकं दिसलं, मग दुसरं, मग सगळे मजले भरले. तात्या जिन्यावरून खाली आले. त्यांनी बस पाहिली, पाहुणे पाहिले, मला पाहिलं.

"इलंस?" ते म्हणाले.

"हो तात्या."

"गेललंस खय?"

मी टॉवरकडे हात केला. तो आमच्या पटांगणातून दिसतो.

मला वाटलं, आता हसतील, आणि एकदा ते हसले की चाळ वर्षभर हसेल. आपण सगळ्यांना फसवलं असं वाटत होतं आणि आपल्यालाच कुणीतरी फसवलं असंही वाटत होतं. पण तात्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. ते म्हणाले, "देवाक मिया सात समुद्र सांगलंय गो. तो आजून थय तुका शोधत आसतलो." माझी लाज त्यांच्या खिजगणतीत नव्हती. देवाकडे चुकीचा पत्ता गेला होता, तो दुरुस्त करायला हवा होता.

या सगळ्याचं भाषांतर मार्टिनना हवं होतं. मी ते केलं. फलकावरची बाई मीच हेही सांगितलं. ते थक्क झाले, मग भलतेच खूश झाले, आणि त्यांनी तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आई तोवर पाण्याचे पेले घेऊन आली होती. कोर्कोरने पाणी पिऊन आल्याचं कारण नीट सांगितलं, आणि आईने लगेच तिला स्टूल दिलं. बाकीचे उभेच होते.

तात्यांनी मला म्हटलं, "ह्येका इचार, तुका न्हेतलो कधी?"

मी विचारलं. मार्टिननी छातीवर हात ठेवला. म्हणाले, ही आमच्यातलीच आहे, आमचं दार तिला कायम उघडं आहे, एक वर्ष ती आमच्याकडे राहिली तर तो आमचा सन्मान होईल. त्यांच्याकडे ही नुसती चांगल्या वागण्याची भाषा असते, आपल्याकडे 'या एकदा जेवायला' म्हणतात तशी. ते मला कळत होतं. तरी मी ते जसंच्या तसं मालवणीत सांगितलं. भाषांतर करणाऱ्याने आपल्या पदरचं घालू नये.

"शब्द दिल्यान," तात्या गॅलरीकडे पाहून म्हणाले. गॅलरीने माना हलवल्या.

मग मार्टिननी माझ्या अर्जातल्या त्या गाऱ्हाण्याबद्दल विचारलं. ते आत्ता इथे ध्वनिमुद्रित करता येईल का? संस्थेच्या डिजिटल संग्रहात ते जगासाठी खुलं राहील. तात्या म्हणाले, नमुन्यादाखल गाऱ्हाणं घालत नाहीत, त्याला कारण लागतं. मी घाबरले. माझं वर्ष आता या एका ध्वनिमुद्रणावर टांगलेलं आहे असं मला दिसत होतं. पण तात्यांनीच पुढे म्हटलं, "कारण आसा. नारळ हाडा."

देवळापाशी सगळे जमले. संस्थेच्या मुलाने माइक धरला. तात्यांनी टोपी नीट केली.

"बा देवा म्हाराजा, मागच्या आयतवारी तुका सांगलंय, ह्या चेडू सात समुद्रापलीकडे चलला म्हणान."

"होय म्हाराजा."

"ता परळापर्यंतच गेला."

"होय म्हाराजा." यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"चूक तेची न्हय, माजी न्हय. बोलावणाऱ्यान वाट बदलल्यान. जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल."

"होय म्हाराजा." या खेपेला कोर्कोर आमच्याबरोबर होती, अगदी वेळेवर. तिचं पाहून मार्टिननाही ठेका सापडला. ते डोळे मिटून उभे राहिले.

"आता ह्यो पावणो तुज्या म्होरां उभो आसा. ह्या चेडवाक वर्सभर आपल्याकडे न्हेतलंय, असो तेना चारचौघांत शब्द दिल्यान. तो तेच्याकडसून पुरो करून घी."

"होय म्हाराजा," मार्टिन म्हणाले. उच्चार बरा होता.

"आणि शब्द फिरवल्यान, तर तेका बरी आठवण करून दी."

"होय म्हाराजा," मार्टिन सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

आमच्या लोकांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. स्वतःविरुद्धच्या मागण्याला इतक्या दणक्यात होय म्हणणारा माणूस चाळीने आजवर पाहिला नव्हता.

मार्टिननी डोळे उघडून मला विचारलं, की शेवटी काय मागितलं? मी म्हटलं, सविस्तर भाषांतर लेखी देईन. ते माइकवाल्याशी बोलायला गेले. तेवढ्यात कोर्कोर तात्यांना, माझ्यामार्फत, सांगत होती की तिचे आजोबा पूर्वजांना हाक मारताना जमिनीवर जिन ओततात, एकेक वाक्य म्हणतात, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "हिआओ" म्हणतात. तात्यांनी विचारलं, जिन म्हणजे दारू ना? आमच्या गावच्या राखणदार देवालाही दारू लागते. पण बाटलीतली उरलेली कोण पितं? कोर्कोर म्हणाली, आजोबा. तात्या म्हणाले, "बरोबर." फेलोशिपच्या माहितीपत्रकात ज्याला आंतरप्रादेशिक संवाद म्हटलं होतं तो बहुधा हाच असावा. संचालकांनी तो ऐकला नाही, कारण ते माइकवाल्याबरोबर परत आले होते आणि विचारत होते, की मागे हॉर्न वाजला, तर तात्या हे सगळं पुन्हा एकदा करतील का.

"परत?" तात्या म्हणाले. "देव काय बहिरो आसा?"

पुन्हा परळ

शेवटच्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात निकाल लागला. मार्टिन म्हणाले, की या आठवड्यात आम्ही सगळे एकत्र खूप शिकलो, विशेषतः काल. एखाद्याला त्याच्या मातीतून उचलून आमच्या शहरात आणणं हीच जुनी, वसाहतवादी कल्पना आहे हे आमच्या लक्षात आलं. म्हणून दुसरा टप्पा आता 'स्वप्रदेश निवास' असेल. एकाऐवजी आठही जणांना तो मिळेल. प्रत्येकाने आपापल्या शहरात राहून संशोधन करायचं, आणि संस्थेतली माणसं वर्षभरात आळीपाळीने सगळीकडे भेट द्यायला येतील. कोर्कोरला अक्रा मिळालं, जिथे तिचं घर आहे. मला मुंबई, आणि मुक्कामाला गिरगाव मिळालं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवताना माझा मलाच राग आला. मला त्या माणसाचा राग आला होता, त्याच्या गोड आवाजाचा, वसाहतवाद संपवायला त्याला माझंच तिकीट सापडलं याचा. कोर्कोर माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे माझं वर्ष माझ्याच स्वयंपाकघरात." संध्याकाळी संस्थेची पाच माणसं विमानतळावर गेली आणि मी बॅग घेऊन टॅक्सीने घोडपदेवला आले. कुळथाचं पीठ तसंच होतं. त्यातलं थोडं कोर्कोर घेऊन गेली.

मी तात्यांना म्हटलं, फलक उतरवू या आता. गिरगावला जाण्यासाठी विमान लागत नाही.

"काढूचो नाय," तात्या म्हणाले. "होय म्हटलान तो."

"तात्या, त्यांना काय कळलं होतं?"

"तेका कळाक नाय. देवाक कळला."

परतल्यावर

पंधरवड्याने मेल आली. गाऱ्हाण्याचं ध्वनिमुद्रण उत्कृष्ट झालं होतं. संस्थेच्या वार्षिक समारंभात त्यानेच संग्रहाचं उद्घाटन करायचं ठरलं होतं, देणगीदारांना तसं कळवलंही होतं. मी फक्त दोन गोष्टी पाठवायच्या होत्या : शब्दशः भाषांतर आणि समुदायाची संमती. मार्टिननी लिहिलं होतं, की संमतीच्या बाबतीत संस्था अतिशय काटेकोर आहे.

मी भाषांतर केलं. इतकं मन लावून मी आजवर काहीही केलेलं नाही. तात्यांच्या एकाही शब्दाला धक्का लावला नाही. 'होय म्हाराजा'चा अर्थ आणि त्याने माणूस कसा बांधला जातो ते तळटीपेत सविस्तर लिहिलं, जशी फेलोशिपची अपेक्षा असते. शेवटच्या दोन होकारांपाशी आणखी एक टीप दिली, की या ठिकाणी संचालकांचा आवाज इतरांहून ठळक ऐकू येतो.

बरेच दिवस उत्तर नव्हतं. मग एक छोटी मेल आली. शेवटची चार वाक्यं मुद्रणातून वगळली तर समुदायाची हरकत असेल का?

मी मेल घेऊन तात्यांकडे गेले. ते गॅलरीत आमसुलं वाळवत होते. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी आमसुलं उलटी केली, मग म्हणाले, "गाऱ्हाण्यातला कापूक येना नाय. देवान सगळा आयकलेला आसा."

"आणि संमती?"

"नाय खय म्हणतंय? आदी तेना होय म्हटलान. तेचा होय पुरो होवंदे. मगे आमचा होय."

हे मी इंग्रजीत नेलं, आपल्या पदरचं काही न घालता, आणि पाठवून दिलं. वाटलं होतं की आता गिरगावही जाईल. गेलं तर गेलं, असंही वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं. कोर्कोरला कळवलं. तिने आजोबांना सांगितलं, आणि त्यांनी माझ्या नावाने थोडी ओतली. बाकीची त्यांनी काय केली ते सांगायला नको.

काल मार्टिनची मेल आली. संस्थेने फेरविचार केला आहे, समुदायाशी दिलेल्या शब्दाचं महत्त्व त्यांना एकत्र बसल्यावर जाणवलं आहे, आणि माझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते?

मी धावत तात्यांकडे गेले. आई माझ्या मागोमाग आली, हातात कुळीथ. आता नारळ आणायचा ना, मी विचारलं.

तात्यांनी मेल ऐकून घेतली. ती संपल्यावर त्यांनी पटांगणापलीकडच्या टॉवरकडे पाहिलं.

"देवाक आत्ताच काय सांगूचा नाय," ते म्हणाले. "मागच्या खेपेक तू परळातच उतारलंस."